क्रीडासाहित्याच्या गोदामातील माल काढण्याची व्यवस्था आणि बारकोड

कारखान्याच्या व्यवस्थापनाचा विचार करताना आपले लक्ष बहुधा यंत्रे, कच्चा माल आणि उत्पादनखर्च यांकडे जाते. माल तयार होऊन गोदामात पडला म्हणजे काम संपले, अशी एक समजूत रूढ आहे. वस्तुतः ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग तेथून पुढे सुरू होतो. मागणीपत्रात लिहिलेल्या वस्तू, लिहिलेल्या मापाच्या व लिहिलेल्या संख्येने, मांडण्यांवरून शोधून काढणे व एका खोक्यात भरणे, हे काम वरवर पाहता केवळ हमालीचे वाटते. परंतु गोदामाच्या चालू खर्चापैकी निम्म्याहून अधिक खर्च या एकाच कामावर होतो, असे या विषयावरील पाठ्यग्रंथांत सामान्यतः मानले जाते. आणि माल काढणाऱ्या कामगाराचा निम्म्याच्या आसपास वेळ एका कप्प्यापासून दुसऱ्या कप्प्यापर्यंत चालण्यातच जातो.

प्रस्तुत लेखात या कामाचा विचार क्रीडासाहित्य तयार करणाऱ्या कारखान्याच्या संदर्भात करावयाचा आहे. अशा कारखान्यात सुधारणेची चर्चा दोन निरनिराळ्या वाटांनी चाललेली आढळते. एक पक्ष गोदामाची मांडणी बदलून चालणे कमी करू पाहतो. दुसरा पक्ष बारकोड आणून चुका कमी करू पाहतो. हे दोन प्रश्न स्वतंत्र नाहीत. चालणे वाचविण्याचे बहुतेक उपाय चुकांचा संभव वाढवितात, आणि बारकोडची योजना नीट झाली तरच ती बचत पदरात पडते, हे येथे दाखवावयाचे आहे.

मालाचे विशेष

भारतात या उद्योगाची दोन मोठी केंद्रे म्हणजे पंजाबातील जालंधर व उत्तर प्रदेशातील मेरठ. १९४७ पूर्वी हा धंदा प्रामुख्याने सियालकोट येथे एकवटलेला होता. फाळणीनंतर तेथून आलेल्या कारागिरांनी व व्यापाऱ्यांनी तो या शहरांत नव्याने उभा केला. येथील कारखान्यांचा माल शाळा, क्रीडासंघ, किरकोळ दुकानदार व परदेशी व्यापारी अशा फार भिन्न ग्राहकांकडे जातो. परदेशी व्यापाऱ्याची मागणी एकाच वस्तूच्या शेकडो नगांची असते. शाळेची मागणी वीस-पंचवीस निरनिराळ्या वस्तूंची, प्रत्येकी दोन-चार नगांची असते. माल काढण्याची खरी अडचण या दुसऱ्या प्रकारात आहे.

या मालाचा सर्वांत महत्त्वाचा विशेष असा की, वापराच्या दृष्टीने अगदी भिन्न असलेल्या वस्तू डोळ्यांना जवळजवळ सारख्या दिसतात. पाच क्रमांकाच्या फुटबॉलचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर असतो. चार क्रमांकाचा सुमारे ६३.५ ते ६६ सेंटीमीटर. फुगविलेल्या स्थितीत दोहोंच्या व्यासांत सुमारे दीड सेंटीमीटरचा फरक पडतो. आणि जागा वाचावी म्हणून हवा काढून चपटे केलेले चेंडू पिशवीत असतील तर तोही नजरेस येत नाही. क्रिकेटच्या २०१७ च्या नियमसंहितेनुसार पुरुषांच्या खेळातील चेंडूचे वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम, तर स्त्रियांच्या खेळातील चेंडूचे १४० ते १५१ ग्रॅम ठरविलेले होते. पाच ग्रॅमांचे हे अंतर कोणाही कामगाराच्या तळहाताला कळणार नाही. बॅटींमध्ये मुलांसाठी एक ते सहा क्रमांक, त्यापुढे हॅरो, शॉर्ट हँडल व लाँग हँडल अशी मापे असतात. फलंदाजीच्या हातमोज्यांची तीन मापे, उजव्या व डावखुऱ्या खेळाडूंसाठी दोन प्रकार आणि किमतीनुसार चार प्रती धरल्या, तर एका ‘हातमोजे’ या नावाखाली चोवीस निरनिराळ्या वस्तू होतात. मागणीपत्रावर ‘हातमोजे, ६ जोड’ एवढेच लिहिलेले असेल, तर चूक गोदामात होण्यापूर्वी कचेरीतच झालेली असते.

चालण्याचा हिशेब

चालणे कमी करण्याचा पहिला उपाय म्हणजे वस्तूंना योग्य जागा देणे. ज्या वस्तू वारंवार काढाव्या लागतात त्या दाराजवळ, आणि क्वचित लागणाऱ्या मागे, हे तत्त्व व्यवहारात पूर्वीपासून चालत आले आहे. त्याला नेमके रूप १९६३ मध्ये जेम्स हेस्केट यांनी दिले. त्यांच्या मते केवळ मागणीची वारंवारता पाहणे पुरेसे नाही. त्या वस्तूला लागणारी जागाही पाहिली पाहिजे. लागणाऱ्या जागेला मागणीच्या खेपांनी भागून येणारा अंक ज्या वस्तूचा सर्वांत लहान, तिला दाराजवळची जागा द्यावी. उदाहरणार्थ, पायाच्या पॅडांना ६ घनमीटर जागा लागते व आठवड्यात ६० खेपा होतात. बॅटीच्या मुठीवर चढविण्याच्या रबरी ग्रिपांना १ घनमीटर जागा लागते व २० खेपा होतात, असे मानू. पॅडांचा अंक ०.१० व ग्रिपांचा ०.०५ येतो. म्हणजे मागणी एकतृतीयांश असूनही ग्रिपांचा दाराजवळचा हक्क अधिक ठरतो. कारण पॅडांनी अडविलेल्या जागेत अनेक लहान वस्तू बसू शकतात.

दुसरा उपाय मार्गाचा आहे. समांतर बोळांच्या आयताकृती गोदामात दिलेल्या कप्प्यांना भेट देऊन परत येण्याचा सर्वांत आखूड मार्ग कोणता, हा गणितातील प्रसिद्ध ‘फिरत्या विक्रेत्याच्या’ प्रश्नाचाच एक विशेष प्रकार होय. सर्वसाधारण स्वरूपात तो प्रश्न फार अवघड आहे. परंतु गोदामाच्या या विशिष्ट रचनेत तो सुलभ रीतीने सोडविता येतो, असे रॅटलिफ व रोझेन्थाल यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले. व्यवहारात मात्र साधा नियम अधिक चालतो: ज्या बोळात काही काढावयाचे आहे त्यात एका टोकाने शिरावे, दुसऱ्या टोकाने बाहेर पडावे, आणि ज्यात काही नाही तो बोळ वगळावा. हा मार्ग नागमोडी असतो व सर्वांत आखूड असतोच असे नाही. पण तो कामगाराच्या सहज ध्यानात राहतो, आणि वाट न चुकणे हाही एक लाभच आहे.

तिसरा, व लहान मागण्यांच्या बाबतीत सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे अनेक मागण्यांचा माल एकाच फेरीत काढणे. त्याचा लाभ एका सोप्या गणिताने दाखविता येईल. गोदामात दहा बोळ असून प्रत्येकाची लांबी २० मीटर आहे, आणि मागणीपत्रातील प्रत्येक ओळीची वस्तू कोणत्याही बोळात असण्याचा संभव सारखाच आहे, असे मानू. पाच ओळींच्या मागणीसाठी सरासरी किती बोळांत शिरावे लागेल? एखादा विशिष्ट बोळ पाचही वेळा वगळला जाण्याची संभाव्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ०.५९ आहे; म्हणून भेटीच्या बोळांची सरासरी १० गुणिले ०.४१, म्हणजे सुमारे ४.१ येते. अशा चार मागण्या निरनिराळ्या फेऱ्यांत काढल्या तर १६.४ बोळ, म्हणजे सुमारे ३२८ मीटर चालणे होते. त्याच चार मागण्या एका फेरीत काढल्या तर ओळी वीस होतात, भेटीचे बोळ सुमारे ८.८ व चालणे सुमारे १७६ मीटर होते. बोळांच्या टोकांशी होणारे आडवे चालणे यात धरलेले नाही; ते धरल्यास बचत आणखी वाढेल.

बचतीची किंमत

वरील उपायांपैकी पहिला व तिसरा जो लाभ देतात, त्याची किंमत कोठे मोजावी लागते हे आता पाहिले पाहिजे. खपाच्या वस्तू पुढे आणल्या की एकाच कुळातील वस्तू शेजारी शेजारी येतात. चार क्रमांकाचा फुटबॉल व पाच क्रमांकाचा फुटबॉल, शॉर्ट हँडल बॅट व हॅरो बॅट यांना मागणी चांगली असल्यामुळे त्या जवळच्याच कप्प्यांत बसतात. पूर्वी ज्या दोन वस्तूंमध्ये वीस मीटरांचे अंतर होते त्यांत आता एका फळीचे अंतर उरते. तसेच एका फेरीत चार मागण्या काढताना कामगाराच्या गाडीवर चार खोके असतात, आणि योग्य वस्तू योग्य कप्प्यातून काढूनही ती शेजारच्या खोक्यात पडण्याचा नवा धोका निर्माण होतो. एकेक मागणी काढण्याच्या पद्धतीत ही चूक संभवतच नव्हती.

चुकीचे प्रमाण लहान दिसले तरी तिचा परिणाम लहान नसतो. दर दोनशे ओळींत एक चूक होते असे मानले, तर काम ९९.५ टक्के बिनचूक आहे असे कोणीही समाधानाने म्हणेल. परंतु मागणी वीस ओळींची असेल, तर ती संपूर्ण बिनचूक जाण्याची संभाव्यता ०.९९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.९०५ एवढीच राहते. शंभर ग्राहकांपैकी नऊ-दहा ग्राहकांच्या खोक्यात काही ना काही चुकीचे निघते. शाळेच्या सामन्यांना चार दिवस उरले असताना चेंडू चुकीच्या मापाचा निघाला, तर तो परत घेण्याची तयारी दाखविल्याने त्या मुलांचा सामना साधत नाही.

शिवाय एका चुकीने शिलकेचे दोन आकडे खोटे ठरतात. पाच क्रमांकाऐवजी चार क्रमांकाचा चेंडू गेला, की नोंदवहीत पाच क्रमांकाचा एक नग कमी व चार क्रमांकाचा एक नग अधिक दिसतो. पुढे उत्पादनाचा बेत याच आकड्यांवर आखला जातो. म्हणजे गोदामातील एका क्षणाची चूक कारखान्याच्या पुढील महिन्याच्या कामात शिरते.

यावर एक बिनखर्चाचा उपाय प्रथम करण्यासारखा आहे. दिसण्यात सारख्या असलेल्या वस्तू दाराजवळच ठेवाव्या, पण शेजारी ठेवू नयेत. दोन मापांच्या फुटबॉलांमध्ये व्हॉलीबॉलच्या जाळ्यांचा कप्पा आला, तर चालणे एक-दोन पावलांनीच वाढते, आणि हात चुकीच्या कप्प्यात गेला तर ते डोळ्यांना लगेच कळते. तथापि वस्तूंची संख्या वाढत जाते तसतसा हा उपाय अपुरा पडतो. तेथे बारकोडचे कार्य सुरू होते.

बारकोडची रचना व मर्यादा

बारकोडची मूळ कल्पना अमेरिकेतील नॉर्मन जोसेफ वुडलंड व बर्नार्ड सिल्व्हर यांची. त्यांनी १९४९ मध्ये पेटंटासाठी अर्ज केला व १९५२ मध्ये त्यांना ते मिळाले. मोर्सच्या टिंब-रेघांना लांब ओढून जाड-बारीक रेषा कराव्या, हे या कल्पनेचे बीज होते. ती व्यवहारात येण्यास मात्र लेसर व संगणक यांची वाट पाहावी लागली. १९७३ मध्ये अमेरिकेतील किराणा व्यापाराने एक सर्वमान्य संकेत स्वीकारला, आणि २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय येथील एका दुकानात च्युइंगमच्या पुडक्यावरील संकेत प्रथम वाचला गेला. त्या बारा अंकी संकेताचा विस्तार होऊन आज जगभर चालणारा तेरा अंकी संकेत तयार झाला.

भारतात नोंदलेल्या कंपन्यांचे हे अंक ८९० ने सुरू होतात. माल भारतात तयार झाला, असा त्याचा अर्थ अनेकजण करतात, तो बरोबर नाही. कंपनीची नोंदणी भारतातील संस्थेकडे झाली आहे, एवढेच त्यावरून कळते. त्यापुढील अंक कंपनीचे व वस्तूचे, आणि शेवटचा अंक पडताळ्याचा असतो. ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घेऊ. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम स्थानांची बेरीज २८ होते. सम स्थानांची बेरीज ३४. तिला ३ ने गुणले की १०२. एकूण १३०. ही संख्या दहाच्या पटीत आणण्यासाठी जो अंक मिळवावा लागतो तो पडताळा-अंक. येथे तो शून्य येतो.

या योजनेने कोणताही एक अंक चुकला तर चूक निश्चितपणे पकडली जाते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर तीही पकडली जाते; मात्र त्या अंकांतील फरक ५ असेल, जसे २७ ऐवजी ७२, तर बेरजेत १० चा फरक पडतो आणि चूक निसटते. यंत्राने वाचताना असे क्वचितच घडते. हाताने अंक टंकित करताना घडू शकते. म्हणून फाटलेल्या चिठ्ठीचे अंक हाताने भरण्याची सवय गोदामात रुजू देऊ नये.

याहून मोठी मर्यादा निराळी आहे. अंक बरोबर वाचला गेला, एवढेच पडताळा-अंक सांगतो. तो ज्या वस्तूवर चिकटवला आहे तिचाच तो आहे, हे तो सांगू शकत नाही. चार क्रमांकाच्या चेंडूवर पाच क्रमांकाची चिठ्ठी लागली, तर स्कॅनर प्रत्येक वेळी संमतीचा आवाज करील. चिठ्ठीपूर्वी माणूस निदान शंका घेत असे. चिठ्ठीनंतर तो शंका घेणे सोडून देतो. म्हणून चिठ्ठी कोणी, कोठे व केव्हा लावावी, हा प्रश्न यंत्राच्या निवडीहून अधिक महत्त्वाचा आहे.

चिठ्ठीचे जन्मस्थान

या बाबतीत उत्पादकाला व्यापाऱ्याहून एक मोठी सोय असते. वस्तूचे माप ज्या ठिकाणी निर्विवाद माहीत असते, ते ठिकाण त्याच्याच छपराखाली असते. जालंधरच्या फुटबॉलधंद्यात शिलाईचे पुष्कळ काम कारखान्याबाहेर, शिवणाऱ्यांच्या घरी किंवा शिलाईकेंद्रांत होत आले आहे. परत येणाऱ्या गठ्ठ्यात मापे मिसळण्याचा संभव तेथे असतो. पुढे चेंडू फुगवून त्याचा घेर व वजन तपासले जाते. चिठ्ठी त्याच मेजावर, तपासणी होताच लागली पाहिजे. चपटा करून पिशवीत भरल्यावर बांधणीच्या मेजावर ती लावणे म्हणजे जी चूक टाळावयाची तीच करण्याची संधी देणे होय.

बॅटीची गोष्ट आणखी वेगळी आहे. बॅटीची लांबी-रुंदी खेळाच्या नियमांनी बांधलेली आहे, पण वजन नाही. विलोच्या प्रत्येक तुकड्याचे वजन निराळे, आणि खेळाडू तर वजन पाहूनच बॅट निवडतो. तेव्हा एका मापाच्या व प्रतीच्या सर्व बॅटींना एकच अंक देऊन भागेल काय? दुकानदारास माप व प्रत पुरते. परंतु जेथे ग्राहक वजन लिहून मागतो, तेथे वजनाचे गट पाडून प्रत्येक गटास स्वतंत्र अंक द्यावा लागतो, किंवा प्रत्येक बॅटीला अनुक्रमांक द्यावा लागतो. सामान्य नियम असा सांगता येईल: ज्या फरकासाठी ग्राहक वस्तू परत पाठवील, त्या फरकास स्वतंत्र अंक हवा. आणि एकदा एका वस्तूस दिलेला अंक, ती वस्तू बंद झाली तरी, दुसरीस देऊ नये.

नगाचा प्रश्नही येथेच येतो. पिसांचे शटलकॉक सामान्यतः बाराच्या नळीत येतात. ‘शटलकॉक, १२’ या ओळीचा अर्थ एक नळी की बारा नळ्या? नळीवर तेरा अंकी संकेत व अनेक नळ्यांच्या खोक्यावर निराळा चौदा अंकी संकेत दिला, आणि मागणीपत्र त्याच अंकांनी लिहिले, तर ही संदिग्धता राहत नाही. चौदा अंकी संकेतात आरंभी वेष्टनाची पातळी दाखविणारा एक अंक वाढतो व पडताळा-अंक नव्याने काढावा लागतो.

चिठ्ठीच्या भौतिक बाजूविषयी थोडक्यात सांगता येईल. तेरा अंकी संकेताची मूळ मापाची रुंदी, दोन्ही बाजूंच्या कोऱ्या जागेसह, ३७.२९ मिलिमीटर असते. त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत लहान व दुपटीपर्यंत मोठा संकेत छापता येतो. कोरी जागा अनावश्यक समजून छाटली, तर संकेत वाचला जात नाही. लाल प्रकाशाच्या स्कॅनरला लाल शाई पांढरी दिसते. म्हणून चेंडूच्या लाल डबीवर काळ्या रेषा चालतात, पण पांढऱ्या डबीवर लाल रेषा चालत नाहीत. नळीसारख्या गोल वस्तूवर, ती उभी धरली असता रेषा शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या याव्यात. अन्यथा काही रेषा वळणाआड जातात. उष्णतेने काळ्या होणाऱ्या साध्या कागदावरील छपाई उन्हाने व कालांतराने फिकी पडते. हंगामाची वाट पाहत महिनोन्महिने पडून राहणाऱ्या मालासाठी शाईच्या फितीची छपाई घ्यावी.

पडताळ्याची जागा व कामगार

आता मूळ प्रश्नाकडे परत येऊ. एका फेरीत अनेक मागण्या काढण्याची बचत टिकवावयाची असेल, तर पडताळा तीन ठिकाणी झाला पाहिजे: प्रथम कप्प्याचा संकेत, मग वस्तूचा, व शेवटी गाडीवरील खोक्याचा. पहिल्याने जागा, दुसऱ्याने वस्तू व तिसऱ्याने ग्राहक निश्चित होतो. यांपैकी तिसरा वगळला, तर एकत्र काढण्याने निर्माण झालेला नवा धोका तसाच राहतो. चूक कप्प्यापाशी कळली तर हाताच्या एका हालचालीने सुधारते. बांधणीच्या मेजावर कळली तर पुन्हा एक फेरी पडते. माल गेल्यावर कळली तर ती ग्राहकच सांगतो.

परंतु प्रत्येक पडताळ्याला काही क्षण लागतात, आणि हे क्षण कामगाराच्या वेळातून जातात. स्कॅनर चूक पकडतो तसा दर तासाचे नगही मोजतो. व्यवस्थापनाने केवळ नगांच्या आकड्यावर कामाची किंमत केली, तर कामगार आडवाट शोधणारच: एकच नग वाचून संख्या हाताने भरणे, किंवा नेहमीच्या वस्तूंचे संकेत एका कागदावर चिकटवून तोच वाचणे. मग नोंदीत सर्व ओळी बिनचूक दिसतात आणि खोक्यात चूक जाते. या वर्तनास बेशिस्त म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण ज्या मापनाने त्याला त्या वाटेवर लोटले त्याचा दोष त्याच्या माथी मारणे न्याय्य नाही. जेथे दिसण्यात सारख्या वस्तू शेजारी ठेवल्या, मागणीपत्र संदिग्ध लिहिले आणि चिठ्ठी चुकीच्या मेजावर लावली, तेथे शेवटचा हात ज्याचा लागला तोच अपराधी ठरतो. पूर्वी पुराव्याअभावी हा आरोप निदान संशयाच्या स्वरूपात राहत असे. आता त्याला यंत्राच्या नोंदीचा आधार मिळतो.

म्हणून या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने चुकांच्या एकूण टक्केवारीवर थांबू नये. चुकीची वस्तू, चुकीची संख्या, राहून गेलेली ओळ, चुकीचे खोके आणि मुळातच चुकीची चिठ्ठी, असे पाच वर्ग पाडून प्रत्येक चूक कोठे जन्मली हे नोंदवावे. पहिल्या वर्गाचे मूळ बहुधा मांडणीत, दुसऱ्याचे नगाच्या व्याख्येत, तिसऱ्याचे मागणीपत्राच्या रचनेत, चौथ्याचे फेरीच्या पद्धतीत व पाचव्याचे उत्पादनविभागात सापडेल. अशी नोंद काही आठवडे ठेवल्यावरच कोणत्या बोळात काय हलवावे, आणि कोणत्या मेजावर चिठ्ठीचे यंत्र बसवावे, हे ठरविता येईल. ती ठेवण्यापूर्वी स्कॅनर विकत घेणारा कारखाना बहुधा आपल्या जुन्याच चुका अधिक वेगाने व अधिक आत्मविश्वासाने करू लागेल.